बाटलीतील नगरी

सुपरमॅनच्या चित्रकथा म्हणजे मुलांचा घटकाभराचा विरंगुळा, असे समजून आम्हीही त्या दीर्घकाळ दुर्लक्षिल्या होत्या. जुने अंक वाचल्यावर हे मत बदलावे लागले. आकाशात उडणारा नायक आम्हांस आजही फारसा भावत नाही. त्याच्या पाठीशी उभे केलेले काल्पनिक जग मात्र मनात घर करून राहिले आहे.

क्लीव्हलंडमधील ज्यू निर्वासित घराण्यांतील जेरी सीगल व जो शुस्टर या तरुणांनी १९३८ साली हा नायक वाचकांपुढे आणला. त्याचा ग्रह, क्रिप्टॉन, नष्ट झाला आणि तो तान्हेपणीच पृथ्वीवर आला. या ग्रहाचा अवशेष म्हणजे क्रिप्टोनाइट. तो प्रथम अवतरला १९४३ च्या नभोवाणी मालिकेत, छापील अंकांत नंतर. कशानेही न मरणारा पुरुष आपल्याच मायभूमीच्या खड्याने तळमळतो, ही कल्पना थोर आहे. पुढे लेखकांनी लाल, सोनेरी, निळे असे खडे काढून तिचे रंगपेटीत रूपांतर केले, ही गोष्ट वेगळी!

खरी उंची दिसते ती जुलै १९५८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'मधील कँडॉर या नगरीत. कथा ओटो बाइंडर यांची, चित्रे अल प्लास्टिनो यांची. ग्रह फुटण्यापूर्वीच ब्रेनिॲक नावाच्या दुष्टाने ही राजधानी माणसांसकट आकुंचित करून बाटलीत कोंडलेली असते. सुपरमॅनला ती सापडते, तेव्हा तोही इवलासा झालेला असतो आणि यंत्रात पूर्ववत करण्याची शक्ती एकदाच वापरण्यापुरती उरलेली असते. तो ती नगरीला देऊ पाहतो. परंतु नगरीतीलच एक शास्त्रज्ञ बाटलीबाहेर येऊन कळ दाबतो व त्यालाच मोठे करतो. नगरी बाटलीतच राहते.

पुढे ती बाटली उत्तर ध्रुवाजवळील त्याच्या एकांतगृहात असते. तो आत उतरला की त्याचे सारे सामर्थ्य लोपते. परक्या भूमीवर महाबली, स्वकीयांत साधा माणूस! १९६३ च्या एका कथेत तर तेथील लोक त्यालाच शत्रू समजून त्याच्या मागे लागतात. घर सोडून दूरदेशी गेलेल्यांना हा अनुभव अगदीच अनोळखी वाटणार नाही.

१९७९ साली नगरी अखेर मोठी केली गेली. माणसे वाचली, इमारतींची मात्र माती झाली. हा शेवट आम्हांस प्रामाणिक वाटतो.

१९८६ साली जॉन बर्न यांनी 'द मॅन ऑफ स्टील'मध्ये सर्व पसारा आवरला. कँडॉर गेले आणि क्रिप्टॉन एक थंड, भावनाशून्य ग्रह ठरला. मांडणी सफाईदार आहे, हे मान्य. पण असे घर गमावल्याचे दुःख कोणाला व्हावे? मुलांच्या हाती एकच अंक द्यायचा झाल्यास आम्ही १९५८ चाच देऊ.