काळा चौकोन आणि सूर्यफूल : वंशभेदविरोधी प्रतिमांची चिकित्सा

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली. तिला ‘वैद्यकीय घटना’ संबोधणारे पोलिसांचे निवेदन १७ वर्षीय डार्नेला फ्रेझिअर हिच्या मोबाइल-चित्रणाने फोल ठरविले. २ जून रोजी इन्स्टाग्रामवर लाखोंनी काळे चौकोन प्रसिद्ध केले. परंतु चळवळीच्याच हॅशटॅगखाली आलेल्या या चौकोनांमुळे आंदोलकांसाठीची उपयुक्त माहिती झाकली गेली. याउलट, घटनास्थळाजवळील भित्तिचित्रात फ्लॉइड यांच्यामागे सूर्यफूल रेखाटून त्यात पोलिसांकडून मारल्या गेलेल्या इतरांची नावे लिहिली गेली. चौकोन सहानुभूती दर्शवितो. नावे मात्र जाब विचारतात. म्हणूनच युवकांमध्ये जाणीवजागृती करू पाहणाऱ्या कलेने व समाजमाध्यमांनी प्रतीकापाशी न थांबता व्यक्ती, स्थळ व उत्तरदायित्व यांचा स्पष्ट निर्देश करणे अगत्याचे ठरते.