उरलेल्या दिवसांचा हिशेब

फराळाच्या ताटाशेजारी कर्करोगाचे पुस्तक आणून ठेवणे औचित्याला सोडून आहे, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात पणत्या लागतात, त्याच घरातल्या कोनाड्यात औषधेही असतात. ती घेणाऱ्या बाईला आपण एवढेच विचारतो, ‘बरं वाटतंय ना?’ आणि ‘हो’ हे तिचे उत्तर ठरलेलेच असते. हे ठरलेले उत्तर द्यायला नाकारणारे एक पुस्तक म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे १९८८ सालचे ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’.

१९७८ साली शस्त्रक्रियेत लॉर्डबाईंचा एक स्तन गेला. त्या अनुभवावरचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ १९८० साली आले. कृत्रिम स्तन न लावता त्या तपासणीला गेल्या, तेव्हा इतर रुग्णांचे मनोधैर्य खचेल म्हणून परिचारिकेने त्यांना टोकले, हा त्यातला प्रसंग विसरता येत नाही. १९८४ साली यकृतात गाठ दिसली. तेव्हापासून १९८७ पर्यंतची रोजनिशी हा प्रस्तुत पुस्तकाचा गाभा.

यकृताचा तुकडा काढून तपासू द्यायला बाईंनी नकार दिला. पुढे त्या बर्लिनमधील होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे आणि १९८५ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील लुकास क्लिनिकमध्ये गेल्या. त्यांचे मुख्य औषध होते इस्काडोर, म्हणजे युरोपातल्या एका बांडगुळाच्या अर्काची इंजेक्शने. रोजनिशीचे सामर्थ्य मात्र औषधाच्या वर्णनात नाही. व्याख्याने द्यायची आहेत, वर्णद्वेषाविरुद्ध लिहायचे आहे, कविता पुऱ्या करायच्या आहेत. औषधानेच शक्ती गेली तर हे कोण करणार, हा प्रश्न पानोपानी उभा आहे. गाठ किती वाढली याची नोंद केसपेपरवर होते, या प्रश्नाची होत नाही.

परंतु समीक्षकाने इथे गहिवरून थांबू नये. १९८४ नंतर बाई आठ वर्षांहून अधिक जगल्या आणि १९९२ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी वारल्या. एवढ्यावरून कुणी बांडगुळाचा गुण सिद्ध मानील तर ती घातक चूक ठरेल. त्या अर्काने कर्करोग हटतो याला भक्कम पुरावा नाही, आणि एका आयुष्यावरून औषधाची पारख होत नाही. बाई स्वतःची भीती लपवीत नाहीत, हे खरे. पण उपचाराची निवड आणि अन्यायाचा प्रतिकार यांची वीण त्या इतकी घट्ट घालतात, की तपासणी नाकारणे हाच जणू स्वाभिमान, असा भास होतो. पुस्तकाची दुबळी बाजू ती हीच.

याच्या शेजारी अ‍ॅन बॉयर यांचे २०१९ चे ‘द अनडाइंग’ ठेवावे. त्यांचा रोग दूरवर पसरलेला नव्हता, पण उग्र जातीचा होता; त्यांनी जहाल केमोथेरपी घेतली. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाला रुग्णांच्या बोलीत ‘लाल सैतान’ म्हणतात. जीव वाचवणारे औषध जाताना काय काय घेऊन जाते, याचा जमाखर्च बॉयरबाई निर्भीडपणे मांडतात.

एकीने जहाल औषध टाळले, दुसरीने घेतले. या पुस्तकांतून औषधाचा सल्ला घेऊ नये, तो डॉक्टरांचाच घ्यावा. पण १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या हर्सेप्टिनसारख्या औषधांनी पसरलेल्या रोगातही पुष्कळ जणींचे आयुष्य वाढले आहे, आणि म्हणूनच औषधासह काढायचे दिवसही वाढले आहेत. ते दिवस कसे जातात, हे सांगण्याचा अधिकार ते काढणारीचाच.

तेव्हा भाऊबीजेला बहिणीकडे गेलात आणि कोनाड्यात गोळ्यांची पाकिटे दिसली, तर ‘बरं वाटतंय ना?’ एवढे विचारून पाटावर बसू नका. ‘ही घेतल्यावर तुला काय होतं गं?’ असे विचारा, आणि ती सांगेल तोवर ऐका. ओवाळणी मागाहून घाला.