आकड्याचा रंग आणि प्रतिमेचा रंग

नादाला रंग किंवा रंगाला स्पर्श देणारी प्रतिमा कवितेत आढळली की तिला ‘सहसंवेदन’ म्हणण्याचा प्रघात समीक्षेत आहे. मानसशास्त्रात हीच संज्ञा एका निराळ्या घटनेसाठी वापरली जाते. या दोहोंची गल्लत झाली की प्रतिमेचे मूल्यमापन बाजूला पडते आणि कवीच्या मज्जासंस्थेची चर्चा सुरू होते.

अंक व अक्षरे रंगीत भासणाऱ्या व्यक्तींच्या नोंदी फ्रान्सिस गाल्टन यांच्या १८८३ च्या ग्रंथात आढळतात. अशा व्यक्तीला काळ्या शाईतील ७ हा अंक पिवळा भासत असेल, तर तो वर्षानुवर्षे पिवळाच भासतो. हा रंग ती निवडत नाही, आणि त्याचे कारणही तिला देता येत नाही. व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. लहानपणी अक्षरांच्या ठोकळ्यांशी खेळताना त्यांनी ठोकळ्यांचे रंग चुकीचे असल्याची तक्रार केली. आईलाही अक्षरे रंगीत दिसत. पण मायलेकांचे रंग काही अक्षरांपुरतेच जुळले.

मात्र ही घटना केवळ शारीरिक मानणेही अपुरे ठरते. डिक्सन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७ हा अंक पिवळा भासणाऱ्या व्यक्तीला केवळ ५ अधिक २ ही बेरीज दाखवण्यात आली. त्यानंतर समोर आलेला रंग पिवळा नसेल, तर त्याचे नाव सांगण्यास तिला अधिक वेळ लागे. न दिसलेल्या सातालाही रंग होता. म्हणजे येथे संकल्पनाही कार्यरत असते. २०१५ च्या एका अभ्यासात ६,५८८ अमेरिकन व्यक्तींपैकी किमान ६ टक्के व्यक्तींचे अक्षररंग एका लोकप्रिय खेळण्यातील चुंबकीय अक्षरांशी जुळले. म्हणजे बालपणीच्या वस्तूंचा संस्कारही येथे संभवतो.

अर्थ आणि संस्कार दोन्हीकडे असतील, तर भेद कशात शोधावा? तो समर्थनीयतेत आहे. साताचे पिवळेपण ही त्या व्यक्तीपुरती वस्तुस्थिती असते. ते इतरांनी मान्य करण्याचा वा नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रतिमेला मात्र आपली संगती कवितेच्या शब्दांतूनच सिद्ध करावी लागते, आणि ती न पटल्यास नाकारण्याचा अधिकार वाचकाला असतो. स्वरांना रंग देणाऱ्या रँबोनेही १८७३ मध्ये ते रंग आपण शोधून काढल्याचे म्हटले, याचे महत्त्व येथे आहे. मर्ढेकरांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संकल्पनाही याच ठिकाणी उपयोगी पडते. दोन विजातीय अनुभवांचे नाते तेथे भावनेच्या आधारावर उभे राहते. साताच्या पिवळेपणाला अशा आधाराची गरज नसते.

म्हणून कवीला आकडे खरोखर रंगीत दिसतात हे सिद्ध झाले, तरी त्यातून प्रतिमेचा उगम फार तर कळेल. तिची अपरिहार्यता कळणार नाही. ती त्या कवितेतच तपासावी लागेल.