एका छोट्या उदाहरणाविषयी तक्रार

दोन संगणकांना एकमेकांशी बोलते करणे हे एके काळी मोजक्या तज्ज्ञांचे काम होते. १९८३ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून युनिक्सची '४.२ बीएसडी' ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर 'सॉकेट' ही सोय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाती आली. सॉकेट म्हणजे संभाषणाचे एक टोक. टेलिफोनच्या तारेला जसे दोन्हीकडे एकेक यंत्र, तसे जोडणीच्या दोन्ही अंगांना एकेक सॉकेट. मात्र सी भाषेत ते वापरायचे तर पत्त्याचा तक्ता भरा, बाइटांचा क्रम उलटवा, पायरीपायरीला चूक तपासा, असा सगळा उपद्व्याप होता. पायथनसारख्या स्क्रिप्टिंग भाषेने तो डझनभर ओळींवर आणला. आज अकरावीचा विद्यार्थी पडद्यावर दोन खिडक्या उघडतो, एकीत सर्व्हर आणि दुसरीत क्लायंट चालवतो आणि तासाभरात संदेश इकडून तिकडे जाताना पाहतो. हा आनंद खरा आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये.

आमची तक्रार आहे ती हा आनंद ज्या उदाहरणातून मिळतो त्या उदाहरणाविषयी. पायथनच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत सॉकेटच्या प्रकरणाच्या शेवटी 'प्रतिध्वनी'चा प्रोग्रॅम दिलेला आहे. सर्व्हर ५०००७ या क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसतो. जे येईल ते जसेच्या तसे परत पाठवतो. क्लायंट 'हॅलो, वर्ल्ड' पाठवतो, जे परत येईल ते घेतो, छापतो आणि संपतो. (क्लायंटने ज्या यंत्राला हाक मारायची त्याचे नाव ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतले आहे. पायथनचा जन्म तिथलाच, तेव्हा ही एक प्रकारे कुलदैवताची आठवण म्हणायची.) हेच उदाहरण थोड्याफार फरकाने असंख्य पुस्तकांत आणि वर्गांत उतरले आहे.

यातला सर्व्हर निर्दोष आहे. तो एका फेऱ्यात राहून 'रिसीव्ह'ला जास्तीत जास्त १०२४ बाइट मागतो, जेवढे मिळतील तेवढे परत पाठवतो आणि काहीच न मिळाल्यास, म्हणजे पलीकडच्याने जोडणी मिटल्यास, थांबतो. क्लायंट मात्र 'रिसीव्ह' एकदाच म्हणतो आणि जे हाती आले त्यालाच संपूर्ण उत्तर मानतो. चूक नेमकी इथे आहे. आणि विद्यार्थी अनुकरण करतो ते क्लायंटचे, कारण तो अधिक सोपा दिसतो.

ही चूक का, ते समजण्यासाठी शेताच्या पाटाकडे पाहावे. वरच्या तोंडाशी आपण दोन कळशा पाणी ओतले, तर खालच्या वाफ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला पहिली कळशी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे सांगता येईल का? टीसीपी या वाहतूक-नियमाचे तसेच आहे. पाठवलेला प्रत्येक बाइट पोचेल आणि ओळीने पोचेल एवढी हमी तो घेतो. कळशांची आठवण मात्र ठेवत नाही. दोन वेळा पाठवलेले एका घासात येऊ शकते, एकदा पाठवलेले तीन घासांत येऊ शकते. कळशी ओळखता यावी अशी टपालासारखी पद्धत हवी असेल तर यूडीपी आहे, पण तिथे पत्र पोचण्याचीच हमी नाही.

मग उदाहरण चालते कसे? 'हॅलो, वर्ल्ड' हा अवघा १२ बाइटांचा मजकूर आहे. इथरनेटच्या एका चौकटीत १५०० बाइट मावतात; एकाच यंत्रावरच्या दोन खिडक्यांमध्ये तर लिनक्सवर ही मर्यादा साधारण ६५ हजार बाइटांची असते. १२ बाइट वाटेत तुटायला कारणच पडत नाही. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे म्हणून नव्हे, तर मजकूर लहान आहे म्हणून प्रयोग यशस्वी होतो. आम्ही विज्ञानाचे शिक्षक अशा प्रयोगाला काय म्हणतो हे वाचकांना सांगायला नको.

या उदाहरणाची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. आमच्या प्रयोगशाळेतला एक तापमापक दर सेकंदाला पाच चिन्हांचे एक वाचन पाठवत असे, २३.५७ यासारखे, मध्ये कुठलीही खूण न ठेवता. घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उदाहरणातला १०२४ हा आकडा आम्ही तसाच उतरवला होता. आलेल्या मजकुराचे पाचपाच चिन्हांचे तुकडे करायचे आणि नोंदवायचे. टेबलावर सगळे सुरळीत चालले. मग यंत्र दुसऱ्या इमारतीत गेले आणि एके दिवशी जोडणी चारपाच मिनिटे अडखळली. साचलेली वाचने एकदम आली. १०२४ ला ५ ने भागले तर २०४ पूर्ण वाचने होतात आणि चार चिन्हे उरतात. उरलेले '२३.५' हे एक वाचन म्हणून नोंदले गेले आणि पुढच्या घासाची सुरुवात राहिलेल्या '७' ने झाली. त्यामुळे पाण्याचे तापमान ७२३.५ अंश! आम्ही तापमापक बदलला, तार बदलली, नेटवर्क सांभाळणाऱ्यांना दोष दिला. पाणी होते म्हणून निदान हसू तरी आले. तेच कणांची मोजणी असती आणि ४१२०७ च्या जागी ७४१२० नोंदले गेले असते तर कोणाला शंकाही आली नसती.

टीकेत न्याय हवा, म्हणून हेही सांगितले पाहिजे की पायथनच्याच दस्तऐवजांत गॉर्डन मॅकमिलन यांचे सॉकेटवरचे एक स्वतंत्र टिपण आहे आणि त्यात हा धोका स्पष्ट सांगितलेला आहे. सर्व्हरच्या सॉकेटला त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरची उपमा दिली आहे, ती वर्गात छान चालते. संदेश कुठे संपतो हे ठरवण्याचे मार्गही ते देतात: ठरावीक लांबी, शेवटी खूण, आधी लांबी सांगणे किंवा सरळ जोडणी मिटणे. ठरावीक लांबीचा प्रोग्रॅम ते लिहूनही दाखवतात. पण प्रत्यक्षात लागतात ते खुणेचे आणि लांबी आधी सांगण्याचे मार्ग. तिथल्या अडचणी ते मोजक्या शब्दांत सांगतात (लांबीचे पाच आकडेदेखील एका घासात येतीलच असे नाही, हा इशारा मोलाचा आहे) आणि मग जागा वाचवण्यासाठी आणि वाचकाचा स्वभाव घडवण्यासाठी, अशी थट्टा करत उरलेले काम वाचकावर सोपवून पुढे जातात. अनुभवी माणसाला ही थट्टा आवडेल. तालुक्याच्या गावी एकट्याने शिकणाऱ्या मुलाला ज्या ठिकाणी हात हवा असतो, नेमका तिथेच तो सोडवून घेतलेला आहे. टिपण आयपीव्ही-४ पुरतेच आहे हाही दोष आता जाणवतो, पण तो किरकोळ.

पायथनच्या रचनेत एक गमतीची विषमता आहे आणि आमच्या मते सगळा धडा तिच्यात आहे. 'सेंडऑल' म्हणजे 'सगळे पाठव' अशी आज्ञा या भाषेत आहे. 'सगळे घे' अशी मात्र नाही. विसरले म्हणून नाही. पाठवणाऱ्याला 'सगळे' म्हणजे किती हे ठाऊक असते. घेणाऱ्याला ते कोणीतरी सांगावे लागते. स्क्रिप्टिंग भाषेने कष्ट कमी केले, पण हे सांगणे-ठरवणे ती आपल्या वतीने करू शकत नाही. चुणचुणीत विद्यार्थी क्लायंटलाही फेरा लावतो, 'काहीच येईनासे होईपर्यंत घे', आणि प्रोग्रॅम गोठतो. सर्व्हर क्लायंटच्या मिटण्याची वाट पाहतो, क्लायंट सर्व्हरच्या. 'आधी तू, आधी तू' करत दोघेही दारात उभे!

वर्गात हे दाखवायला दुसऱ्या इमारतीची गरज नाही. आपली लिपी पुरते. रोमन अक्षर यूटीएफ-८ मध्ये एक बाइट घेते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन. 'नमस्कार' मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. आता १०२४ ला ३ ने भाग जात नाही. उदाहरणातल्या 'हॅलो, वर्ल्ड' च्या जागी 'क' हे अक्षर सलग ३४२ वेळा पाठवावे. हे १०२६ बाइट होतात. क्लायंटच्या हाती १०२४ येतात: ३४१ पूर्ण 'क' आणि पुढच्याचा एक तृतीयांश. त्यांचे अक्षरांत रूपांतर करायला सांगितले की पायथन चुकीचा संदेश देऊन थांबतो. रोमन 'ए' १०२६ वेळा पाठवला तर? दोन अक्षरे गुपचूप गळतात आणि पडद्यावर सारे आलबेल दिसते, कारण हजार अक्षरे कोणी मोजत बसत नाही. रोमन मजकूर ही चूक झाकतो, मराठी मजकूर ती ओरडून सांगतो. परीक्षेसाठी अधिक चांगला नमुना कोणता हे उघड आहे.

दुरुस्ती तीनचार ओळींची आहे. प्रतिध्वनीत जेवढे पाठवले तेवढेच परत यायचे असते, तेव्हा क्लायंटने पाठवलेले बाइट मोजावेत आणि तेवढे जमेपर्यंत 'रिसीव्ह' करत राहावे. मध्येच रिकामे हात आले तर जोडणी तुटली असे समजून थांबावे. अक्षरांत रूपांतर सगळे जमल्यावरच करावे. उत्तराची लांबी ठाऊक नसेल तिथे प्रत्येक संदेशाच्या शेवटी नव्या ओळीची खूण ठेवावी आणि 'मेकफाइल' ही सोय वापरून सॉकेट फाइलसारखे ओळीओळीने वाचावे. संदेशातच नवी ओळ नसावी एवढे पथ्य पाळले की पुरे. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांमध्ये ही खूण कधीच येत नाही. आमच्या तापमापकाला आम्ही शेवटी हेच शिकवले. माहितीपुस्तिकेतला क्लायंट अजून 'रिसीव्ह' एकदाच म्हणतो. वर्गात तो उतरवून देण्याआधी शिक्षकमित्रांनी ३४२ वा 'क' परत येतो की नाही ते पाहावे.