पहाटेचे वाङ्मय

मराठी घरात वर्षातून एकच पहाट अशी येते, की उशिरा उठणाराला नरकाची भीती घातली जाते आणि लवकर उठणाराला चकली मिळते. उटणे, कारीट, औक्षण, अंगणातला पहिला फटाका यांची वर्णने दिवाळी अंकांतून पुष्कळ झाली आहेत. त्यांत भर घालण्याचा माझा इरादा नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की ज्या घरातली सगळी मंडळी पाचाच्या आत न्हाऊन निघाली, त्या घरात पाणी तापवायला कोण उठले होते, आणि किती वाजता? पहाटेविषयीच्या कोणत्याही लेखनाला हा प्रश्न घालून पाहावा. त्या लेखनाची बरीचशी पारख तेवढ्यानेच होते.

कामाला लागण्यापूर्वीची सकाळ सत्कारणी कशी लावावी, हे सांगणाऱ्या पुस्तकांना हल्ली तोटा नाही. रॉबिन शर्मा यांचे ‘द फाइव्ह ए.एम. क्लब’ 2018 साली निघाले आणि पाहता पाहता घरोघर पोचले. त्यात एक अब्जाधीश गृहस्थ एका उद्योजिकेला आणि एका चित्रकाराला पाचला उठण्याची दीक्षा देतात. पाच ते सहा या तासाचे तीन वाटे करायचे: वीस मिनिटे व्यायाम, वीस मिनिटे चिंतन, वीस मिनिटे अभ्यास. सल्ला वाईट नाही. सकाळच्या शाळेच्या मास्तराला तो नवाही नाही. पण पुस्तक गोष्टीच्या रूपात लिहिलेले असल्यामुळे त्याला गोष्टीचेच माप लावले पाहिजे, आणि तिथे ते उणे पडते. त्यातला पहाटेचा तास अगदी रिकामा आहे. त्यात रडणारे मूल नाही, खोकणारा म्हातारा नाही, उतू जाणारे दूध नाही. अशा तासात शहाणपण सुचले तर त्यात नवल ते काय!

आपल्याकडे हा विषय समर्थांनी किती आधी हाताळला आहे! दासबोधाच्या अकराव्या दशकातील तिसरा समास काढून पाहावा. पहाटे उठावे, काही पाठांतर करावे, देवाला आठवावे, शौचमुखमार्जन आणि स्नान उरकावे, देवार्चन करावे, थोडा फलाहार घ्यावा आणि मग आपल्या व्यवसायाला लागावे, असा तो क्रम आहे. समर्थांच्या जन्मानंतर जवळजवळ एका शतकाने जन्मलेल्या बेंजामिन फ्रँक्लिनने आपल्या आत्मचरित्रात पाच ते आठ या वेळेचा जो तक्ता दिला आहे, तो याच वळणाचा आहे. उठणे, धुणे, प्रार्थना, दिवसाच्या कामाची आखणी, अभ्यास, न्याहरी. मात्र समर्थांचा माणूस व्यवसायाला निघाला, की लोकांना आपले म्हणायला त्याला सांगितलेले आहे. फ्रँक्लिनही आज कोणते चांगले काम करू, असे स्वतःला विचारतोच. दोघांचीही सकाळ स्वतःच्या अंगाबाहेर जाते. शर्मांच्या तासात ते बाहेर जाणे मला फारसे भेटले नाही.

असे असूनही माझा पहिला प्रश्न समर्थांच्या समासालाही सुटत नाही. तो फलाहार कोणी चिरून ठेवला? समर्थ स्वतः ब्रह्मचारी होते, त्यांचा शिष्यसमुदाय मठांतून हिंडणारा होता. तेव्हा त्यांना एका मर्यादेपर्यंत सूट द्यावी लागेल. तोच समास चार खोल्यांच्या बिऱ्हाडात पुरुषाने म्हणायला घेतला, की सूट संपते.

लवकर उठण्याची चढाओढ कोठवर जाते, हे साने गुरुजींनी एका लहान गोष्टीत दाखवले आहे. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिली. तिच्यातले ‘मुकी फुले’ हे प्रकरण पुष्कळांना पाठ असेल. फुले आपल्याला मिळावीत म्हणून मुलांची धडपड चालते, आणि अखेर ती संध्याकाळीच मुक्या कळ्या तोडून आणू लागतात. पहाटेवर मात करायची ती अशी! आई श्यामला सांगते, की फूल झाडावर उमलू द्यावे. पहाट म्हणजे मिळकत नव्हे, हे इतक्या कमी शब्दांत सांगणारे दुसरे पान मी वाचलेले नाही. गुरुजींवर भाबडेपणाचा आरोप करणाऱ्या टीकाकारांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे.

आता जात्याकडे येतो, कारण मराठीतले पहाटेचे खरे वाङ्मय तिथे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून गावोगाव हिंडून ज्या ओव्या गोळा करवल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. एक लाख ओव्या! आणि त्या रचणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना ‘अ’ काढता येत नव्हता. या बायकांना कामापूर्वीची वेळ अशी नव्हतीच. त्यांचे काम अंधारातच सुरू होई आणि शब्द त्या कामाच्या पोटातून येत. माहेर, भाऊ, पंढरी, सासूचा जाच, लेकीची पाठवणी, सारे एका खुंट्याभोवती फिरे. बहिणाबाई चौधरी त्यांतल्याच. त्या 1951 साली वारल्या आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. ज्यातून पीठ येते त्याला ‘जाते’ का म्हणावे, ही त्यांची हरकत वाचताना पंडितांना हसू येईल. पण भाषेचे असे लक्षपूर्वक ऐकणे रिकाम्या तासात साधत नाही. दगड हाताखाली फिरत असावा लागतो.

आमच्या जिल्ह्याला तर याहून मोठा दाखला लाभला आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. नामदेवाघरची ही दासी. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. समर्थांच्या दिनक्रमात देव स्नानानंतर येतो, जनीकडे तो स्नानाची वाट पाहत नाही. पाणी तापवायला कोण उठले, या प्रश्नाला मराठी वाङ्मयाने दिलेले सर्वांत धीट उत्तर ते हेच. देव उठला होता.

एवढे म्हटल्यावर जात्याचे गोडवे गाऊन थांबता येत नाही. ओव्यांचे कौतुक करणाऱ्या पुरुषाने एकदा पायली भर ज्वारी दळून पाहावी. पिठाची गिरणी आली आणि ओवी मंदावली. याचे दुःख मला, वाचकाला आहे. दळणारीच्या खांद्याला ते असण्याचे कारण नाही. सोलापुरात ‘गिरणी’ हा शब्द मोठा विचित्र होऊन बसला. एका गिरणीने बाईचा पहाटेचा दगड काढून घेतला आणि दुसरीने तिच्या उशाशी भोंगा आणून ठेवला. मागांच्या खडखडाटात ओवी कशी ऐकू यावी? जुनी मिल 1963 साली बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णूही थंडावली. मुंबईच्या कामगाराची सकाळ नारायण सुर्व्यांनी कवितेत आणली. सोलापूरच्या भोंग्याला त्या तोडीचा कवी मिळायला हवा होता.

आज इथल्या सकाळीवर भोंग्याऐवजी नळाचा अंमल आहे. गेली कित्येक वर्षे सोलापुरात काही दिवसांआड पाणी येत आले, आणि ते कधी रात्री, कधी भल्या पहाटे. आम्ही मास्तर मात्र निबंधाला ‘माझी दिनचर्या’ हा विषय देत राहतो. साठ वह्यांतून साठ मुले पाचला उठतात, दात घासतात, देवाला नमस्कार करतात आणि अभ्यासाला बसतात. हा एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि समर्थांपासून शर्मांपर्यंतची सगळी परंपरा त्यात बिनचूक उतरलेली असते. मागे एका सातवीतल्या मुलीने वेगळे लिहिले. तिची आई विड्या वळते. मुलीने लिहिले होते, की पाण्याच्या दिवशी ती आणि आई तीनला उठतात आणि घागरी भरून होईपर्यंत आई तेलुगूत गाणे म्हणते. मग मोजलेल्या विड्या घेऊन आई कारखान्यात जाते आणि ती शाळेत येते. बिनपाण्याच्या दिवशी सातला उठते आणि शाळेला उशीर होतो. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या गाण्याचा अर्थ काय, असे मी तिला विचारले. ‘‘माहीत नाही गुरुजी,’’ ती म्हणाली, ‘‘आई बादली बदलली की कडवं बदलते.’’