मोक्षपटाचें कर्तृत्व : एक परीक्षण

सापशिडी आज घरोघर ठाऊक आहे. नवी मुंबईंतील एका कंपनीनें २०१६ सालीं काढलेल्या 'लुडो किंग' या संगणकी खेळांतहि तिला जागा मिळाली आहे. परंतु ज्या मोक्षपटाची किंवा ज्ञानचौपडीची ती वंशज, त्याची पूर्वकथा लोक विसरले, आणि रिकाम्या जागीं एक सोपी कथा येऊन बसली : हा खेळ तेराव्या शतकांत श्रीज्ञानेश्वरमहाराजांनीं रचला. वर्तमानपत्रांतून हें विधान इतक्या वेळां आलें आहे कीं वाचकास तें सिद्धच वाटतें. समकालीन लेखाचा आधार मात्र त्यासोबत येत नाहीं.

नाशिककरांस या कथेचा मोह विशेष पडावा. श्रीनिवृत्तिनाथांची समाधि त्र्यंबकेश्वरीं आहे. ब्रह्मगिरीवर त्यांस गहिनीनाथांचा उपदेश झाला अशी परंपरा आहे. मोक्षमार्गाचा पट त्याच डोंगराच्या छायेंत आंखला गेला असें म्हणावयास किती गोड! पण स्थळाची जवळीक हा पुरावा नव्हे.

आतां पटांकडे वळूं. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० ची. ज्यांवर विसंबतां येईल असे बहुतेक पट अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतले आहेत. कापड व कागद टिकत नाहींत, म्हणून जुने पट नष्ट झाले असतील, हें म्हणणें रास्त आहे. पण नष्ट झालेल्या पटावर कर्त्याचें नांव होतें हें त्यावरून कसें निघावें? शिवाय हा खेळ एका संप्रदायाचा नाहीं. जैनांचा पट ८४ घरांचा, वैष्णवांचा ७२ घरांचा, सूफींचा सुमारें शंभर घरांचा आढळतो. वैष्णव पटांत ६८ वें घर वैकुंठाचें. तें ओलांडून पुढें गेलेला खेळाडू शेवटच्या घरांतील सापाच्या तोंडीं पडून खालीं येतो. ही रचना मार्मिक खरी, परंतु वैकुंठ सर्व वैष्णवांचें आहे. तेवढ्यावरून वारकरी कर्ता ठरत नाहीं.

भाषेची कसोटी अधिक उपयोगाची, पण तीहि जपून लावावी. ज्ञानेश्वरींत फारशी शब्द जवळजवळ नाहींत. शिवकालीन पत्रांत ते मुबलक आहेत. तेव्हां पटांतील मराठी मजकुरांत असे शब्द मिळाले, तर तो मजकूर १२९० चा नव्हे हें उघड आहे. उलट न मिळाले तर कांहींच सिद्ध होत नाहीं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपु कोणत्याहि शतकांतील लेखक याच नांवांनीं लिहील.

खुद्द ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्याचें काम एकनाथांस शके १५०६ मध्यें करावें लागलें. ज्या ग्रंथाच्या पोथ्या मठोमठीं होत्या त्याची ही गत, तर ज्या पटाची एकहि समकालीन प्रति पुढें येत नाहीं त्याचें कर्तृत्व आपण निःशंक सांगावें काय?

या खेळाचा खरा अभ्यास झाला आहे, तो बहुतेक इंग्रजींत. पार्जिटर यांचें टिपण १९१६ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत आलें. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांचा लेख १९८५ चा. जेकब श्मिट-मॅडसन यांचा कोपनहेगन विद्यापीठांतील प्रबंध २०१९ चा, आणि त्याचा विषयच पश्चिम हिंदुस्थानांतील पट हा आहे. आमच्याकडील कथाकार यांपैकीं एकाचाहि हवाला देत नाहींत. एफ. एच. एअर्स यांनीं १८९२ सालीं विलायतेंत या खेळाचें पेटंट घेतलें, आणि इंग्रजांनीं त्यांतील नीति काढून टाकली, असेंहि सांगतात. यांतील दुसरें विधान अर्धवट आहे. तेथील आरंभींच्या पटांवरहि काटकसर, पश्चात्ताप व उद्योग यांच्या शिड्या होत्याच.

पटास एकदां 'ज्ञानेश्वरकालीन' अशी चिठ्ठी लागली, कीं त्यांतील अक्षर कोणी वाचीत नाहीं. तो भिंतीवर टांगला जातो. ज्यांच्या दप्तरांत असा पट असेल त्यांनीं प्रथम घरांची संख्या, प्रत्येक घरांतील मजकूर जसाच्या तसा, साप व शिड्या कोणत्या घरांतून कोणत्या घरांत जातात, कागदाची जात, अक्षराचें वळण व पट कोणत्या घराण्यांतून आला, एवढें टिपून ठेवावें. पुसट घर अंदाजानें भरूं नये. तें रिकामेंच दाखवावें.