कौतुकापलीकडचे प्रेम

आपल्या समाजातील एखाद्याचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला की आपण तोंड भरून कौतुक करतो. उणिवांविषयी मात्र मौन पाळतो आणि त्या मौनालाच प्रेम समजतो. अमेरिकन कॅथलिक कथाकार फ्लॅनरी ओ’कॉनर यांचे उदाहरण येथे आठवते. ‘वाइज ब्लड’ (१९५२) या त्यांच्या पहिल्या कादंबरीच्या हस्तलिखितावर ज्येष्ठ लेखिका कॅरोलाइन गॉर्डन यांनी परखड, तपशीलवार अभिप्राय कळविला. ओ’कॉनर यांनी पुनर्लेखन केले. पुढेही, १९६४ साली मृत्यू येईपर्यंत, त्या आपले लेखन गॉर्डनबाईंना दाखवीत राहिल्या. प्रत्येक सूचना त्यांनी स्वीकारली असे नव्हे. परंतु ऐकली मात्र प्रत्येक.

ऋण त्यांनी फेडलेही. धर्मप्रांतीय पत्रांसाठी त्यांनी शंभरांहून अधिक पुस्तकांची परीक्षणे लिहिली. ईशज्ञान, तत्त्वज्ञान, चरित्र, कादंबरी. त्यांच्या वाचनाला कुंपण नव्हते. कॅथलिक लेखकाचे आहे म्हणून दुबळ्या पुस्तकाला सवलतही नव्हती. सद्हेतू कथेला तारत नाही, हे त्या जाणून होत्या.

आपण एकमेकांचीच पुस्तके वाचून ‘छान’ म्हणत राहिलो, तर आपली कथा आपल्या अंगणातच खुंटेल. यापुढे स्नेह्याचे हस्तलिखित हाती आले तर पेन्सिल घेऊनच वाचू या; आणि आपल्या हस्तलिखितावर ती चालली, तर रुसू नये.